लिमिटेडच्या घरची लेक

समस्त बुलढाणा जिल्ह्यातील सुजाण नागरिक, मेहकर तालुक्यातील मान्यवर, डोणगावातील व्यापारी बंधू आणि आमच्या गल्लीत ओट्याओट्यांवर बसणाऱ्या तमाम भगिनी यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या कमाईतून आणलेल्या विजेवरच्या गाडीत बसण्यास लेखकाच्या जन्मदात्या आईने साफ नकार दिला. सदर नकार तोंडी होता, ओट्यावर पाय पसरून देण्यात आला, आणि त्याविरुद्ध मेहकरपासून दिल्लीपर्यंत कुठेही अपील नव्हतं.

त्या दिवशी मला वाटलं, यापेक्षा मोठा धक्का माणसाला बसूच शकत नाही. किती भोळा होतो मी! पुढं जे झालं त्याच्या मानानं हा धक्का म्हणजे गुदगुल्या होत्या. पण क्रमानं सांगतो, नाहीतर बायको म्हणते, तुम्ही शेवट आधीच फोडून टाकता.

माझं डोणगावात औषधांचं दुकान आहे. गोळी कधी घ्यायची ते मी लोकांना समजावून सांगायचं आणि लोकांनी ती घ्यायची नाही, असा हा व्यवसाय. पोरं शिकायला बाहेर. घरात मी, बायको आणि माझी आई, जिला आम्ही माय म्हणतो. मायला एकच बहीण, जानेफळला दिलेली. या दोघी रोज संध्याकाळी फोनवर बोलायच्या. विषय ठरलेला. आज काय केलं होतं, कशाची भाजी, तिखट झालं होतं का, सुनेनं केली का स्वतः. त्यावर अर्धा तास. जगात युद्धं झाली, सरकारं पडली, या दोघींच्या फोनमध्ये अंबाडीच्या भाजीशिवाय दुसरं काही शिरलं नाही.

मग मावशी न्हाणीघरात पडली, खाटेला लागली, आणि त्याच हिवाळ्यात तिचे कानही गेले. मशीन आणून दिली तर ती शिट्टी वाजवते म्हणून तिनं उशीखाली दाबून ठेवली. आता मायनं फोन केला की मावशी नुसती "हॅलो, हॅलो" करायची. माय इकडून ओरडायची, गल्लीतली कुत्री उठून बसायची, पण जानेफळला काही पोचायचं नाही. शेवटी दोघी रडायच्या आणि फोन ठेवायच्या. मावशीच्या अगदी कानाशी तोंड नेलं तर तिला ऐकू येत होतं. म्हणजे बोलायचं तर तिथं जाऊन, खाटेवर बसून, कानाशी वाकून.

आणि मायचे गुडघे असे की एसटीची पायरी तिला गच्चीएवढी उंच. माझ्या मोटरसायकलवर बसणं तर सोडाच. भाड्याची जीप एकदा केली होती. तिकडं माय बहिणीजवळ टेकली नाही तोच ड्रायव्हर बाहेरून हॉर्न मारायला लागला. माय तशीच उठून आली आणि म्हणाली, "पुन्हा मले भाड्याच्या गाडीत नेशीन त पाह्य. बहिणीशी बोलून राह्यले का पेट्रोलपंपावर उभी हाये?"

म्हणून घरची गाडी हवी होती. घराच्या गच्चीवर सोलर बसवलेलं, त्यामुळं विजेवरची घ्यावी असं मनात आलं. नवीन झेपणारी नव्हती. आणि आमच्याकडं जुनी गाडी म्हणजे नेहमी कोणाच्या तरी मेव्हण्याची असते. ती बाभळीखाली उभी असते, तिच्या सीटखाली कोंबडी बसते आणि मेव्हणा म्हणतो, "घरचीच समजा, पाहाचं काय त्यात." विजेच्या गाडीत तर बॅटरी मेली की सगळंच गेलं. अशात कळलं की गाडी बनवणारी कंपनी स्वतःच आपल्या जुन्या गाड्या परत घेते, तपासते, प्रमाणपत्र देते, बॅटरीची हमी देते आणि विकते. छत्रपती संभाजीनगरला त्यांचं दालन आहे. मी बायकोला म्हटलं, चल.

तिथं पाऊल ठेवलं आणि धक्क्यांची मालिका सुरू झाली. दालन काचेचं, आत गारवा, आणि जुन्या गाड्या अशा उभ्या की लग्नात नवरदेवाचे मित्रही एवढे चकाचक नसतात. एक मुलगी हसत आली, पाणी दिलं. सर म्हणाली. मला सर म्हणणारे फक्त औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, तेही बिल थकलं की म्हणतात. ती म्हणाली, "सर, प्रत्येक गाडीच्या शंभरावर तपासण्या झाल्या आहेत. ही हिच्या बॅटरीची हेल्थ."

बॅटरीची तब्येत! मी औषधवाला, मी सरसावलो. विचारलं, "साखरबिखर आहे का?" मुलगी हसली नाही. बायकोनं माझ्या पायावर पाय दिला.

मी भाव करायला घसा साफ केला. मुलगी म्हणाली, "सर, किंमत ठरलेली आहे." मी बायकोकडं पाहिलं, बायकोनं माझ्याकडं. आम्ही घासाघीस करायला अख्खा दिवस मोकळा ठेवून, दशम्या बांधून आलो होतो. आता त्या वेळेचं काय करायचं?

मग जाणकारासारखं मी म्हटलं, "बॉनेट उघडा, इंजिन पाहू." मुलीनं उघडलं. आत इंजिनाच्या जागी एक स्वच्छ रिकामा खड्डा. आम्ही दोघं वाकून पाहत राहिलो. बायको हळूच म्हणाली, "अहो, काढून नेलं वाटते कोणी."

"मॅडम, मोटर खाली आहे. ही जागा सामान ठेवायला."

"म्हणजे इथं वांगे ठेवता येतीन?"

"हो, मॅडम."

बायकोचं मत त्या क्षणी गाडीच्या बाजूनं झालं. मी आत बसलो, बटन दाबलं, वाट पाहत बसलो. काही होईना. म्हटलं, "बंद आहे का हो?" मुलगी म्हणाली, "सर, गाडी सुरू आहे." मी विचारलं, "केव्हापासून?" ती म्हणाली, "तुम्ही बटन दाबलं तेव्हापासून." असा धक्का मला फक्त दहावीच्या निकालाला बसला होता.

शेवटी मी सहज विचारलं की आधी ही कोणाची होती. ती म्हणाली, एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर होती, त्यांच्या ऑफिसच्या कामाला वापरत होते. मी मान डोलावली. ठीक. मला काय करायचं होतं? तेव्हा वाटलं, काही करायचं नाही.

जालन्यावरून गाडी आम्ही अशी घरी आणली की रस्त्यात एकाही म्हशीला कळलं नाही कोण गेलं. गल्लीत शिरलो. बायकोनं लिंबू, नारळ, कुंकू सगळं केलं. गल्ली जमली. दाराला कडी कुठं म्हणून सगळे शोधायला लागले, कारण या गाडीची दाराची कडी पत्र्यात सपाट बुजलेली असते. एका टोकाला अंगठ्यानं दाबलं की दुसरं टोक बाहेर येतं, मग ओढायचं. ते मी जादूगारासारखं चारचौघांना करून दाखवलं. माय ओट्यावर बसून पाहत होती. मी ऐटीत म्हटलं, "चल माय, जानेफळले."

मायनं विचारलं, "कोणाची हाये?"

"आपली."

"आपली आज झाली. काल कोणाची होती?"

"कंपनीची."

"कंपनीत कोण वापरे?"

"ते नाही माहीत. लिमिटेड कंपनी होती. लिमिटेडच्या नावावर होती."

"लिमिटेड म्हणजे कोण? त्याच्या घरी बाई हाये का?"

मी म्हटलं, "माय, लिमिटेडले घर नसते."

मायनं पाय पसरले. "मंग मी नाई बसत."

इथं थांबून सांगावं लागेल. मायच्या माहेरी बैल विकायचा असला की तो असाच नाही जायचा. घरची बाई त्याचे पाय धुणार, कपाळाला कुंकू लावणार, भाकर भरवणार आणि त्याला सांगणार की बाबा, आता तिकडं नीट राह्य. मग घेणाऱ्याच्या हाती सोडायचा, तोही हसून. असा निरोप मिळाला की जनावर नव्या दावणीला रुळतं, असं माय मानते. एकदा तिच्या वडलांनी घाईत बाजारातून दलालाकडून बैल घेतला होता, कोणाच्या गोठ्यातला ते न विचारता. तो बैल दावं तोडून रस्त्याला लागायचा. कुठं जायचं त्यालाही माहीत नसावं, पण निघायचा. लहानपणी या दोघी बहिणी त्याला वळवून आणायला मागं धावायच्या.

"तिले कोणी निरोप देल्ला का?" मायनं विचारलं.

"माय, ती गाडी आहे. तिच्या शंभर तपासण्या झाल्या."

"त्यात हे पाह्यलं का?"

आता बोला. प्रमाणपत्रात टायर होते, ब्रेक होते, काचा होत्या, बॅटरीची तब्येत होती. निरोपाचा रकाना नव्हता.

बायकोनं समजावलं. मी समजावलं. मायचं एकच, ज्याची होती त्यानं आपल्या हातानं द्यावी, खुशीनं द्यावी, मग बसते. गाडी अंगणात उभी राहिली. मी रोज तिच्यातून दुकानात जायचो, माय रोज ओट्यावरून मला जाताना पाहायची. मग एका दुपारी जानेफळहून मावशीच्या सुनेचा फोन आला. सासूला ती आत्याबाई म्हणते. मला म्हणाली, "दादा, आत्याबाई सारख्या विचारून राह्यल्या, बहीण माह्यावर रुसली का म्हणते. गाडी घेतली म्हणते न, मंग येत काऊन नाई?"

फोन स्पीकरवर होता. मायनं ऐकलं. पदरानं डोळे पुसले, उठली, गाडीजवळ गेली, काचेतून आत पाहिलं. मी चावी घ्यायला उठलो. पण ती तशीच मागं फिरली आणि घरात गेली. त्या रात्री ती जेवली नाही. तेव्हा मात्र मी ठरवलं की आता लिमिटेडला देह धारण करावाच लागेल.

देऊळगाव राजाला माझा कॉलेजातला मित्र आहे. त्याचा मंडप डेकोरेशनचा धंदा. पण त्याची खरी कीर्ती मंडपाची नाही, माईकची. लग्नात आहेर पुकारायचा तो, पंगती बसवायचा तो, आणि मुलीच्या पाठवणीच्या वेळी माईक हाती घेऊन जे बोलायचा ते ऐकून वरमाईसुद्धा हुंदके द्यायची. एका लग्नात तर त्याचं बोलणं ऐकून खुद्द नवरदेव एवढा रडला की मुलीला त्याची समजूत काढत गाडीत बसवावं लागलं. मायनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. मी फोन केला.

"तू ये, गाडी माझी होती म्हण, खुशीनं दिली म्हण, हात फिरव, चहा पी, निघ. पाच मिनिटांचं काम."

"गाडी कशी आहे?" त्यानं विचारलं.

"आवाज नाही, धूर नाही, रात्री वायर लावली की सकाळी तयार. बाकी तुला काय करायचंय? आणि हे पाहा, रडायचं नाही. खुशीनं द्यायची आहे."

"तू मला शिकवायलास व्हय?" तो दुखावल्या आवाजात म्हणाला. "लई पाठवण्या केल्यात म्या."

तिथंच मला कळायला हवं होतं.

रविवारी सकाळी तो आला. इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा, खांद्यावर शबनम पिशवी. मी ओट्यावर जाहीर केलं, "माय, हे या गाडीचे आधीचे मालक. मोठ्या मुश्किलीनं शोधून काढले." माय चटकन सावरून बसली. शेजारच्या काकू, ज्यांना आमच्याकडं काय चाललंय हे आमच्याआधी कळतं, लगेच कुंपणाला आल्या. त्यांच्या मागून आणखी चौघीजणी.

मायनं विचारलं, "कशानं आले, दादा?"

"एसटीनं, काकू." त्यानं चष्मा काढला, दूर पाहिलं. "गाडी आता तुमच्याकडं आहे ना."

कुंपणावरून "अगं माय" असा एकत्रित उसासा आला. मी मनात म्हटलं, बस्स, इथंच थांब. तो थांबला नाही. तो गाडीजवळ गेला, बॉनेटवर हात ठेवला, आणि त्याचा आवाज एकदम खोल गेला. मी तो आवाज ओळखला. तो पाठवणीचा आवाज होता.

"माउली," तो म्हणाला, "आज मी माझं लेकरू तुमच्या अंगणात सोडून चाललो. काय सांगू हिच्याबद्दल! आमच्या घरात होती, पण कधी आवाज चढवला नाही हिनं."

शेजारच्या काकूंचा पदर तोंडाशी गेला.

"कधी कोणावर धूर काढला नाही. दिवसभर राबायची. रात्री एकदा वायर लावून दिली की सकाळपर्यंत बिचारी काही मागायची नाही. शेजाऱ्यांना कळायचंसुद्धा नाही की आमच्या घरात ही आहे!"

"अशा पोरी राह्यल्या कुठं आता," कुंपणावरून कोणीतरी म्हणालं आणि नाक ओढलं.

मी मित्राला डोळ्यांनी खुणावलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते. "तिच्या हातून काही चुकलं माकलं तर पदरात घ्या, माउली. तिला उन्हात उभी करू नका. तिच्यावर ओरडू नका, तिला सवय नाही." इथं तो स्वतःच हुंदका देऊन कोसळला. खरं सांगतो, नाटक नव्हतं ते. त्याला दोन मुली आहेत, दोघींची लग्नं त्यानंच पुकारली, आणि तेव्हा माईक हाती असल्यामुळं त्याला रडता आलं नव्हतं. ते सगळं रडणं माझ्या गाडीच्या वाट्याला आलं.

मग जे झालं ते मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. शेजारच्या काकू घरात धावल्या आणि हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या. कोणी तांदूळ आणले, कोणी खण, कोणी नारळ. वाइपरच्या जागेत ओटी भरली गेली. पाच बायका गाडीला कुंकू लावत होत्या आणि रडत होत्या. माझी बायको, जिला सगळा बनाव माहीत होता, जिनं त्याच्यासाठी पोहे करून ठेवले होते, तीसुद्धा डोळे पुसत होती. मी दातओठ खात विचारलं, "तू काऊन रडून राह्यली?" ती म्हणाली, "मले माही पाठवणी आठवली."

आता माय उठली. काठी टेकत ओटा उतरली. तिनं माझ्या मित्राच्या डोक्यावरून हात फिरवला. मी देवाचे आभार मानले. आता बसते, आता जानेफळ.

"दादा," माय म्हणाली, "एवढा जीव लावलेलं लेकरू मी नाई ठेवत बापा. रडत्या माणसाच्या हातून मी काही घेत नाई. तुही गाडी तू घेऊन जा."

मित्राचं रडणं मध्येच तुटलं.

"नाही नाही, काकू," तो घाईनं म्हणाला, "खुशीनं देतोय."

"हे खुशीचं रडणं हाये?" माय माझ्याकडं वळली. "कारे, अशी हिसकून आणते का कोणी? पैशाचं तुम्ही दोघं पाहून घ्या. चाबी दे."

"माय, ऐकून तं घे..."

"चाबी दे म्हणते न!"

मागून काकूंचा शेरा आला, "माणूस लेकरासारखा रडून राह्यला, अन् हे पाहा कसे दगडावानी उभे हायेत." पाच बायका माझ्याकडं अशा पाहत होत्या, जणू मी कोणाच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढलं. माझ्याच अंगणात, माझ्याच बनावानं, माझ्याच पैशाची गाडी माझ्या डोळ्यांदेखत चालली होती. मी चावी दिली. मायनं ती मित्राच्या तळहातावर ठेवली, वर साखर ठेवली आणि म्हणाली, "जा, सुखानं घरी ने तिले."

मित्र माझ्याजवळून जाताना ओठ न हलवता पुटपुटला, "आता काय करू रे?"

"स्टँडपर्यंत ने," मी तसंच पुटपुटलो. "मागून येतो."

तो गाडीपाशी गेला. मंडपाच्या सामानाचा ट्रक चालवणारा माणूस तो, चालवण्याची त्याला चिंता नव्हती. त्यानं दाराकडं हात नेला. हात सरळ पत्र्यावरून घसरला. त्याला वाटलं, जरा पुढं असेल. पुढं चाचपलं. मागं चाचपलं. दारावर वरपासून खालपर्यंत हात फिरवला.

"कसा कुरवाळून राह्यला पाहा," एक बाई गहिवरून म्हणाली.

तो पलीकडं गेला. पलीकडचं दारही कुरवाळलं. काचेवर टकटक केलं, आत कोणी असल्यासारखं. परत अलीकडं आला. त्याच्या कपाळावर घाम, ओठावर साखर, आणि बुडणारा माणूस काठाकडं पाहतो तशी नजर माझ्याकडं. मी सांगू तरी कसं? सगळ्या गल्लीसमोर मी त्याला त्याच्याच गाडीचं दार कसं उघडायचं ते शिकवणार होतो का?

रडणं हळूहळू थांबत गेलं. मायनं मान तिरकी केली.

"काहो दादा, लेकीवानी सांभाळली म्हणता, अन् तिचं दार कुठून उघडते ते माहीत नाई?"

आणि नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या काकू किंचाळल्या, "अगं माय! हा तं माह्या भाचीच्या लग्नातला माईकवाला व्हय! तिच्या पाठवणीले हेच्च बोलला होता, आवाज चढवला नाई म्हणे, अन् मी तवाही अशीच रडली होती!"

मित्रानं चावी बॉनेटवर ठेवली, हात जोडले. "काकू, मी मंडपवाला. देऊळगाव राजा."

मी जमिनीकडं पाहत होतो. जमीन अशा वेळी दुभंगत नाही, हा माझा अनुभव आहे. आता माय बोलेल, आणि जे बोलेल ते गल्ली पुढची कित्येक वर्षं म्हणून दाखवेल, याची मी तयारी करत होतो. जानेफळ तर गेलंच होतं. मावशी बहीण रुसली म्हणूनच राहणार होती.

मायनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग मित्राकडं. मग ती गाडीकडं पाहत राहिली. बॉनेटवर कुंकवाचे बोटाबोटांचे ठसे, वाइपरमध्ये खण आणि नारळ, काचेवर तांदूळ, आणि भोवती पाच बायका, ओल्या डोळ्यांच्या, अजून नाक पुसणाऱ्या.

"तुम्ही तं खरंखुरं रडल्या न?" तिनं त्या बायकांना विचारलं.

"रडलो न बाई," काकू रागानं म्हणाल्या. "डोकं दुखून आलं माहं."

"ओटीही भरली."

"भरली."

"मंग झाला तिचा निरोप," माय म्हणाली. "तुमच्याकडून तं कोणी काही हिसकलं नाई. लिमिटेडच्या घरची नाई, आपल्या गल्लीची लेक गेली समजा." तिनं चावी उचलली, काठी माझ्या बायकोच्या हाती दिली, बुजलेल्या कडीच्या टोकाला अंगठा दाबला, दार ओढलं, आणि आधी टेकून मग पाय आत घेत बसली. इतके दिवस ओट्यावरून ती मला रोज हेच करताना पाहत होती. आत बसून तिनं पदर नीट केला, समोर पाहिलं, आणि मला म्हणाली, "आता वाट कोणाची पाहून राह्यला? तिकडं ते पोरगी रुसून बसली हाये." ती पोरगी म्हणजे खाटेवरची मावशी, मायपेक्षा दोनच वर्षांनी लहान.

मी धावत पलीकडून शिरलो. बटन दाबलं. खण-नारळासकट गाडी अंगणातून निघाली, काहीही आवाज न करता, बायकांच्या मधून. मायनं खिडकीची काच खाली घ्यायला लावली आणि सगळ्यांना हात हलवला. गल्लीच्या तोंडाशी वळताना मी आरशात पाहिलं. बायका हसत होत्या, माझी बायको काठी उंचावून निरोप देत होती, आणि माझा मित्र, हातात पोह्यांची बशी, ओल्या डोळ्यांनी, शबनम सावरत गाडीमागं धावत होता. कोणी मला विचारलं तर मी शपथेवर सांगीन की त्या घडीला तो नाटक करत नव्हता. सगळी गल्ली ऐकत असताना तो घसा फोडून ओरडला,

"अरे हळू ने रे जरा, माझी गाडी आहे ती!"